चोपन्न वर्षांची शर्यत

जपानच्या क्यूशू बेटावर कुमामोतो नावाचा प्रांत आहे. तेथील एका खेड्यात २० ऑगस्ट १८९१ रोजी शिझो कानाकुरी याचा जन्म झाला. लहानपणी त्याची प्रकृती नाजूक होती. शाळा घरापासून सुमारे सहा किलोमीटर दूर होती. थोरली मुले धावतच शाळेला जात. त्यांच्यामागून धावताना शिझोला धाप लागे. तथापि त्याने धावणे सोडले नाही. दोनदा श्वास आत घ्यावा, दोनदा बाहेर सोडावा, अशी लय त्याने साधली आणि तीच दूरची वाट त्याला सोपी वाटू लागली.

पुढे तो तोकिओस शिक्षकांच्या विद्यालयात दाखल झाला. ज्यूदो या विद्येचे जनक जिगोरो कानो हे तेथील प्रमुख होते. १९११ साली ऑलिंपिकसाठी झालेली निवडीची लांब शर्यत शिझोने जिंकली. पायांत होती केवळ ताबी, म्हणजे अंगठ्यापाशी दुभंगलेली कापडी पादत्राणे!

१९१२ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने भरले. जपानचे अवघे दोन खेळाडू तेथे निघाले. जहाज आणि मग सैबेरियातून जाणारी आगगाडी, असा कित्येक दिवसांचा तो प्रवास होता. स्वीडनमध्ये उन्हाळ्याच्या रात्री धड काळोख पडत नाही. त्यामुळे शिझोला झोप लागेना. १४ जुलै रोजी मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हा ऊन भाजून काढीत होते. धावणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना शर्यत सोडावी लागली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो तर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर शिझोचीही शुद्ध हरपली. वाटेवरील एका कुटुंबाने त्याला आपल्या घरी नेऊन त्याची शुश्रूषा केली. सावध झाल्यावर तो लाजेने चूर झाला आणि पंचांना न कळवताच निघून गेला. निदान एक निरोप धाडावयास हवा होता, हे खरे. पण वीस वर्षांच्या त्या तरुणाला तेवढे धैर्य झाले नाही. स्वीडनच्या दप्तरी तो बेपत्ता म्हणून नोंदला गेला.

मायदेशी निराशा पसरली होती, आणि त्याला दोष देणारेही होते. शिझोने वाद घातला नाही. उन्हाने आपल्याला हरविले, तर उन्हातच सराव करावयाचा, असे त्याने ठरविले आणि ऐन उन्हाळ्यात तो धावू लागला. १९१६ चे सामने महायुद्धामुळे रद्द झाले. उमेदीची वर्षे तशीच गेली. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे तो सोळावा आला. याच शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले होते. १९२४ साली पॅरिसला मात्र कानाकुरींना पुन्हा शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. पदक त्यांना कधीच मिळाले नाही.

परंतु धावण्याची त्यांची ओढ एकट्यापुरती नव्हती. विद्यार्थ्यांतून दमदार धावपटू तयार व्हावेत, म्हणून १९२० साली तोकिओ ते हाकोने आणि परत अशी टप्प्याटप्प्यांची सांघिक शर्यत सुरू झाली. ती सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. पहिल्या वर्षी चारच संघ होते.

१९६७ साली स्टॉकहोमहून त्यांना आमंत्रण आले : राहिलेली शर्यत पुरी करावी! पंचाहत्तर वर्षांचे कानाकुरी त्याच क्रीडांगणावर आले आणि सावकाश धावत त्यांनी शेवटची फीत ओलांडली. त्यांची वेळ जाहीर झाली : चोपन्न वर्षे, आठ महिने, सहा दिवस आणि वर साडेपाच तास! मॅरेथॉन इतक्या संथपणे कोणीही पुरी केलेली नाही. कानाकुरी रागावले नाहीत. शर्यत लांबली खरी, मधल्या काळात लग्न झाले, सहा मुले झाली आणि नातवंडेही झाली, असे त्यांनी हसत सांगितले.

१३ नोव्हेंबर १९८३ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. हाकोनेची शर्यत आजही दर जानेवारीत होते, आणि ती पाहण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा लोकांची दाटी होते.