बालगंधर्व : आरशातली स्त्री

लग्नाच्या माहितीपत्रकात मुलीच्या शिक्षणाआधी वर्ण, उंची आणि बांधा लिहिण्याची प्रथा अजून सुटलेली नाही. पुण्या-मुंबईत जे, तेच राष्ट्रकूटकालीन किल्ल्याच्या कंधारसारख्या तालुक्याच्या गावीही. वजनकाट्यावर उभी राहणारी स्त्री अनेकदा प्रकृतीची चौकशी करत नसते. आपण कुणासारख्या दिसत नाही, याचा हिशेब मांडत असते. असे एक अनुकरणीय स्त्रीरूप महाराष्ट्रात एके काळी कुणी घडवले, याचा शोध घेतला तर नाव निघते एका पुरुषाचे : नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

२६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या नारायणाचे गाणे लहानपणीच लोकमान्य टिळकांच्या कानी पडले आणि बालगंधर्व हे नाव त्याला कायमचे चिकटले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत रंगमंचावर आले. घरंदाज स्त्रियांना तेव्हा रंगभूमी निषिद्ध होती. स्त्रीने कसे दिसावे, हे दाखवण्याचे काम त्यामुळे पुरुषांकडे आले होते.

१९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग रद्द न करता ते भामिनी होऊन उभे राहिले. प्रेक्षकांना दिसला तो प्रसन्न चेहरा. त्यामागच्या बापाचे दुःख रंगभूषेखाली झाकलेले होते.

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू या भूमिकांनी त्यांची कीर्ती शिखरावर पोहोचली. उंची शालू, अस्सल दागिने आणि अत्तरे यांवर मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला व कर्जही करून ठेवले. नाटक पाहून परतलेल्या स्त्रिया त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, अंबाड्यावर तसाच गजरा माळू लागल्या. खऱ्या स्त्रिया एका पुरुषाने रचलेल्या स्त्रीशी आपली तुलना करत होत्या. ते रूप वस्त्र, रंग, दिवे आणि अंतर यांनी घडलेले होते. त्याला बाळंतपण नव्हते, चुलीची धग नव्हती आणि पडदा पडल्यावर त्याचे वयही वाढत नव्हते.

ते रूप धारण करणाऱ्या माणसाचे वय मात्र वाढत होते. शरीर स्थूल झाले, चेहऱ्यावरची कोवळीक ओसरली. बोलपटांनी नाटकांचा प्रेक्षक ओढून नेला, तेव्हा १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी एकनाथांची भूमिका केली. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’मध्ये ते पुन्हा स्त्रीवेशात दिसले. त्या वेळी त्यांच्या वयाची पन्नाशी जवळ आली होती. रंगमंचावरून प्रेक्षकापर्यंतचे जे अंतर इतकी वर्षे साथ देत आले होते, ते कॅमेऱ्याने मिटवले. चित्रपट चालला नाही.

पुढे गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या आणि बालगंधर्व काही काळ पुरुषभूमिकांकडे वळले. तरीही जुन्या रसिकांची मागणी संपली नाही. साठी ओलांडलेल्या, जड अंगाच्या त्या कलावंतासमोर लोक येऊन बसत आणि त्याला डोळ्यांपेक्षा कानांनी पाहत. बांधा गेला होता, गळ्यातला भाव शाबूत होता. एकेकाळी त्यांच्या रूपावर भाळलेला महाराष्ट्र त्यांच्या देहाची झीज पाहूनही त्यांना विसरला नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांचे पाय निकामी झाले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे रंगमंदिर पुण्यात उभे राहिले.

वजन अवश्य उतरवावे. गुडघे, मधुमेह, रक्तदाब यांसाठी डॉक्टर सांगतील तर नक्कीच. पण वजन आणि लाज या दोन गोष्टी एकाच काट्यावर ठेवण्याचे कारण नाही. आज रंगमंचाची जागा पडद्याने आणि मोबाइलने घेतली आहे. दिवे, रंग आणि अंतर यांची किमया तीच आहे. ज्या रूपाशी तुलना करून स्त्री स्वतःला उणी ठरवते, ते रूप दाखवणाऱ्या माणसालाही ते आयुष्यभर टिकवता आले नव्हते.