बीजांचा राखणदार : निकोलाय वाविलोव्ह

भात, भाकरी, हरभऱ्याची उसळ आम्ही नित्य खातो. परंतु ही धान्ये मूळची कोठली, मानवाने ती प्रथम कोठे पेरली, हा प्रश्न आमच्या मनास क्वचितच शिवतो. या प्रश्नाच्या उत्तरासाठी ज्यांनी देशोदेशीची शेते पायांखाली घातली आणि ज्यांना अखेर अन्नान्नदशेत देह ठेवावा लागला, त्या थोर रशियन शास्त्रज्ञाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

निकोलाय इव्हानोविच वाविलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे झाला. त्यांचे वडील शेतकरी कुळातील. कापडाच्या व्यापारात त्यांनी नाव मिळविले होते. मॉस्कोच्या कृषिसंस्थेतील शिक्षण संपवून वाविलोव्ह १९१३ साली इंग्लंडला गेले व विल्यम बेट्सन यांच्याजवळ त्यांनी अनुवंशशास्त्राचे अध्ययन केले. रशियात दुष्काळ नवे नव्हते. १९२१ साली व्होल्गाकाठी तर भुकेने हाहाकार उडाला. रोगास व अवर्षणास दाद न देणारे पीक निर्माण करावे आणि माणसाची भूक भागवावी, हाच वाविलोव्ह यांचा ध्यास झाला.

याच ध्यासाने त्यांनी जगभर भ्रमंती केली. १९१६ साली इराण व पामीर, १९२४ साली अफगाणिस्तान, पुढे इथिओपिया, चीन, जपान, मेक्सिको, दक्षिण अमेरिका असा हा प्रवास होता. गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणारी राय डोंगर चढत जावे तशी वाढत जाते आणि अतिथंड उंचीवर गव्हास मागे सारून स्वतःच पीक होऊन बसते, हे त्यांनी सूक्ष्म दृष्टीने टिपले. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वाधिक प्रकार आढळतात, तेथेच त्याचे माहेर असण्याचा संभव अधिक, असा त्यांचा सिद्धान्त होता. १९२६ साली त्यांनी तो ग्रंथरूपाने मांडला. पिकांच्या अशा जन्मभूमींत त्यांनी भारतालाही स्थान दिले. तांदूळ, वांगे व आंबा ही त्यांनी आपल्याकडची संतती मानली. लेनिनग्राडच्या संस्थेत १९४० पर्यंत सुमारे अडीच लक्ष वाणांचे भांडार उभे राहिले.

परंतु सत्याच्या उपासकाला सत्तेचा कोप भोवला. लायसेन्को नावाचा कृषितज्ज्ञ जनुकांचे अस्तित्वच नाकारीत होता, आणि स्टालिनचा वरदहस्त त्याच्या मस्तकी होता. वाविलोव्ह यांनी शास्त्राशी प्रतारणा केली नाही. ६ ऑगस्ट १९४० रोजी बीजे गोळा करीत असतानाच त्यांना अटक झाली. देहदंडाची शिक्षा पुढे वीस वर्षांच्या कारावासात बदलली. परंतु २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून त्यांनी प्राण सोडला. १९५५ साली सरकारनेच त्यांना निर्दोष ठरविले.

ते तुरुंगात असतानाच लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. शहरात लाखो माणसे भुकेने मेली. संस्थेतील सेवकांच्या भोवती धान्याच्या राशी होत्या. तरीही त्यांनी एक दाणाही तोंडात घातला नाही. तांदळाचे वाण सांभाळणारे दिमित्री इव्हानोव्ह त्या तांदळाच्या सान्निध्यात भुकेने मरण पावले. भुईमुगाचे राखणदार अलेक्झांडर श्चुकिन यांचीही तीच गत झाली. गुरूची शिकवण शिष्यांनी प्राणमोलाने पाळली.

वाविलोव्ह यांना रोपाचे रूप व दाण्याचा रंग पाहूनच अनुमान करावे लागे. आज डीएनएमधील घटकांचा क्रम वाचून पिकाची वंशावळच उलगडता येते. अल्माटीच्या परिसरातील रानसफरचंदे पाहून हेच सफरचंदाचे माहेर, असे त्यांनी १९२९ साली म्हटले होते. २०१० साली सफरचंदाचा जनुकसंच वाचला गेला आणि ते अनुमान खरे ठरले. हैदराबादजवळील पटानचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने २०१३ साली हरभऱ्याचा जनुकसंच सिद्ध झाला, आणि २०२१ साली हरभऱ्याच्या ३,३६६ वाणांची अशी तुलना प्रसिद्ध झाली. १८७६ साली ब्राझीलमधून आणलेल्या बियांपैकी मोजक्याच रोपांच्या वंशावर आशियातील रबराचे मळे मुख्यतः उभे राहिले. अशा एकसुरी पिकावर रोग आला, तर त्यास तोंड देणारा गुण बाहेरच्या वाणांत शोधावा लागतो. यंत्र कितीही सूक्ष्म असले, तरी जे बीज नष्ट झाले त्याचा क्रम ते कोठून वाचणार?

म्हणूनच आजीच्या गाडग्यातील जुने बियाणे आम्ही क्षुद्र मानू नये. वाविलोव्ह यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले ते धन हेच होय. ते जतन करणे, हेच त्या हुतात्म्याचे खरे स्मारक ठरेल.