आधी भाकर, मग धडा
(पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी)

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात कडोदरा हे गाव आहे. मुंबई–अहमदाबाद आणि धुळे–हजिरा हे दोन राजमार्ग येथे एकमेकांस छेदतात. आसपास कापडाच्या रंगाईछपाईच्या गिरण्या आहेत, आणि खानदेशापासून ओडिशापर्यंतची कष्टकरी माणसे पोटासाठी या भागात येऊन राहिली आहेत. अशा ठिकाणच्या मुलांची स्थिती आपल्याला ठाऊक आहे. घरी मराठी, शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी. आजीआजोबा गावी, वडील रात्रपाळीला, आई कामावर. यातले एखादे मूल रविवारी शब्बाथ शाळेत येते आणि कोपऱ्यात मुके बसून राहते; दुसरे येते ते शेजाऱ्याला मारतच. शिक्षकाने सोनेरी वचन तयार करून आणलेले असते, पण मूल त्याच्या हाती लागत नाही. अशा वेळी काय करावे?

आज अशा मुलांसाठी व त्यांच्या आईबापांसाठी समुपदेशक आहेत, मनोविकारतज्ज्ञ आहेत. आपल्या देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र मुंबईत १९३७ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने उघडले. ते विद्यालय उभारण्यात अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ड यांचा मोठा वाटा होता, ही आपल्या मंडळ्यांनी आठवणीत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. परंतु त्याच्याही चाळीस वर्षे आधी केडगावच्या माळावर एक ख्रिस्ती विधवा शेकडो दुखावलेली मुले सांभाळीत होती. पंडिता रमाबाईंची विद्वत्ता आणि त्यांचे बायबल भाषांतर यांविषयी आपण पुष्कळ वाचतो. येथे आम्ही त्यांच्याकडे एवढ्याच दृष्टीने पाहणार आहोत की, मोडलेल्या मुलाला त्यांनी कसे उभे केले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना लोकांचा विरोध सोसावा लागला. पुढे सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. लहानग्या रमेला आईने चालता-फिरता शिकविले, आणि बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे विकून झाले, भिक्षा मिळेना, शेवटी झाडाचा पाला खाण्याची पाळी आली. वडील गेले, मागोमाग आई गेली, आणि थोरली बहीणही गेली. आईला स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे आली. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवास याने दिला आणि चौथी रमा झाली. तिची उंची कमी, त्यामुळे ताटीचे टोक तिने डोक्यावर घेतले. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते.

बहीणभाऊ पुढे पायी देशभर हिंडले. झेलम नदीच्या काठी थंडीपासून अंगाला ऊब मिळावी म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेऊन रात्र काढली. ज्या मुलीने हे सोसले, तिला पुढे कोणत्याही उपाशी मुलाच्या डोळ्यांतली भाषा समजावून सांगावी लागली नाही.

मधली वर्षे आपण थोडक्यात पाहू. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनींपाशी राहत असता त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियात बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाची ही पद्धत. चेंडू, लाकडी ठोकळे, काड्या, गाणी आणि बागकाम यांतून मुलाने शिकावे, असे तो सांगे. आपल्याकडे त्या काळी मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस असेच समजत. त्याने पाठ म्हणावा, नाहीतर छडी खावी. खेळ हे मुलाचे बोलणे आहे, ही गोष्ट या पंडितेने आपल्या विद्वत्तेचा मोठेपणा बाजूला ठेवून लहान मुलांच्या वर्गात बसून शिकून घेतली. तोंडाने जे सांगता येत नाही ते मूल हातांनी मांडून दाखविते, हे आजचे बालमानसतज्ज्ञही मानतात.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे आलेल्या मुली बहुतेक बालविधवा होत्या. नवरा म्हणजे काय हे कळण्याआधी त्या अपशकुनी ठरल्या होत्या. घरच्यांनीच त्यांना तोडले होते, म्हणून पहिले औषध म्हणजे घर परत देणे. सदनातील सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, वयाच्या आठव्या वर्षी विधवा झालेल्या. पुढे १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि विधवांच्या कार्यात त्या आयुष्यभर राबल्या. त्याच १८९३ साली धर्मांतराच्या शंकेवरून मोठा वाद उठला आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या घरांत पुन्हा विश्वास निर्माण करणे सोपे नव्हते. मुलाबरोबर त्याचे घरही सांभाळावे लागते, हा त्या वर्षाचा धडा आहे.

१८९६–९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. स्वतःच्या बालपणीचा दुष्काळ त्यांनी पुन्हा डोळ्यांनी पाहिला, आणि सुमारे तीनशे मुली त्यांनी सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे या मुलींना शहरात ठेवता येईना. मग केडगावी घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू व झोपड्या उभारल्या गेल्या. १८९८ साली तेथेच मुक्तिसदनाचे समर्पण झाले. १८९९–१९०० साली गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. संवत १९५६ चा म्हणून गुजराती घरांत अजून त्याला छप्पनियो म्हणतात. तेव्हा रमाबाईंनी आपल्या मदतनीस बायांना गुजरातेत पाठविले, आणि तेथून शेकडो मुली केडगावी आल्या. १९०० सालापर्यंत मुक्तीत दीड हजारांच्या वर माणसे झाली. कडोदऱ्यासारख्या गावी आज महाराष्ट्राची लेकरे गुजरातेत वाढतात. त्या काळी गुजरातेची लेकरे महाराष्ट्रात वाढली. परकी भाषा, परके अन्न, आणि मागे कोणी उरलेले नाही.

आलेल्या मुली गोड, आज्ञाधारक अनाथ बालिका नव्हत्या. अंगावर फोड, हातापायांच्या काड्या, पोटे सुटलेली. चोरी, खोटे बोलणे, भांडणे हे सर्व होते. ज्याने उपास काढला आहे ते मूल पोट भरल्यावरही भाकर लपवून ठेवते, कारण उद्या मिळेल यावर त्याचा विश्वास नसतो. त्या मुलाला चोर म्हणून चालत नाही. रोज ठरल्या वेळी भाकर मिळत राहिली, की लपविण्याचे कारण हळूहळू आपोआप नाहीसे होते.

मुक्तीतील व्यवस्थेत आम्हांस चार गोष्टी दिसतात. पहिली, शरीर आधी: अन्न, आंघोळ, मलमपट्टी, झोप. दुसरी, प्रत्येक मुलीला आपले म्हणता येईल असे एक माणूस. शारदा सदनात वाढलेल्या मोठ्या मुली येथे शिक्षिका आणि सांभाळ करणाऱ्या बाया झाल्या. काल जिला आधार दिला, आज तिने दुसरीला दिला. तिसरी, दिवसाला घडी आणि हाताला काम: शाळा, शेत, गाईगुरे, विणकाम, शिवण, छापखाना. ज्या मुलीला ती ओझे आहे असेच सांगण्यात आले होते, तिच्या हातून कापड विणले गेले की ती ओझे राहत नसे. चौथी, कोणालाही निरुपयोगी न ठरविणे. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन होते, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. प्रार्थना या सर्वांच्या मुळाशी होती. परंतु भुकेल्या मुलाला प्रार्थना देऊन भाकर राखून ठेवणे रमाबाईंना कधी जमले नाही.

या कार्याची किंमत त्यांच्या स्वतःच्या लेकीनेही भरली, हे लिहिल्यावाचून चरित्र पुरे होत नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या दिवसांत चिमुकली मनोरमा बराच काळ आईपासून दूर वाँटेजच्या भगिनींपाशी राहिली. पुढेही आईच्या प्रेमात तिला शेकडो वाटेकरी होते. ती मोठी होऊन आईचा उजवा हात झाली, पण सारी प्रकृती त्यात खर्ची पडली. २४ जुलै १९२१ रोजी ती वारली. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. इतरांची मुले सांभाळणाऱ्या पाळकांनी, बायबल स्त्रियांनी आणि शिक्षकांनी आपल्या घरच्या लेकरांकडे पाहताना मनोरमाबाईंची आठवण ठेवावी.

आता आपल्या वर्गाकडे वळू. रमाबाईंपाशी मानसशास्त्राची पदवी नव्हती आणि आपल्यापाशीही नाही. म्हणून आपण डॉक्टर होऊ नये. जे मूल महिनोन् महिने बोलत नाही, झोपत नाही, स्वतःला इजा करते, त्याला सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्यावे. यात लाज नाही आणि विश्वासाची उणीवही नाही. मुलाला मारहाण वा अत्याचार होत असल्याचे कळले तर ते झाकून ठेवू नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन त्यासाठीच आहे. पण बाकीचे पुष्कळ आपल्या हाती आहे. मूल उपाशी आले आहे काय, हे धड्याआधी पाहावे. दर रविवारी तीच बाई वा तेच गुरुजी त्याला भेटावेत. शिक्षक सारखे बदलू नयेत. त्याच्या भाषेत त्याचे नाव घेऊन बोलावे. मुक्या मुलाला पाठांतरासाठी उभे न करता कागद आणि खडू द्यावेत. मारकुट्या मुलाला चटया घालण्याचे, पुस्तके वाटण्याचे काम द्यावे. आणि महिन्यातून एकदा त्याच्या खोलीवर जावे. तक्रार घेऊन नव्हे, तर चहा घेण्यासाठी. आईबापांचा थकवा पाहिल्यावर मुलाच्या वागण्याचा अर्थ लागतो.

शुभवर्तमानात याईराच्या मुलीची गोष्ट आपण वर्गात अनेकदा शिकवितो. पुढच्या वेळी दोन लहान बाबी मुलांना आवर्जून दाखवाव्यात. प्रभूने रडण्याओरडण्याचा सारा गोंगाट बाहेर काढला, पण मुलीच्या आईला आणि बापाला आत घेतले. आणि मुलगी उठून चालू लागल्यावर त्याने तिला उपदेश केला नाही; तिला खायला द्यावयास सांगितले. केडगावच्या माळावर रमाबाईंनी जन्मभर हेच केले. येत्या रविवारी आपल्या वर्गाच्या दाराशी जे मूल घुटमळेल, त्याच्यापासून आपणही आरंभ करू या.