अलीगढच्या पहिल्या कुलपती : नवाब सुलतान जहाँ बेगम

आपण इंदूरकर मराठी मंडळी देवी अहिल्याबाईंचे नाव रोज घेतो. पण शेजारच्या भोपाळ संस्थानातही चार पिढ्यांत चार बेगमांनी राज्य केले, हे आपल्याला क्वचितच आठवते. त्यांतल्या शेवटच्या नवाब सुलतान जहाँ बेगम.

त्यांचा जन्म ९ जुलै १८५८ चा. १९०१ मध्ये त्या गादीवर आल्या. त्या काळी मुलींना शाळेत धाडायला बहुतेक घरे तयार नसत आणि पडदा ही मोठी अडचण होती. बेगमसाहेबांनी पडद्याशी भांडण मांडले नाही. पडदा सांभाळूनच मुली शिकतील अशी सोय त्यांनी केली. १९०३ मध्ये भोपाळात सुलतानिया कन्याशाळा निघाली. अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वाहिद जहाँ यांनी १९०६ मध्ये मुलींची शाळा काढली, तिला बेगमसाहेबांनी आर्थिक मदत केली. १९१४ मध्ये शाळेच्या वसतिगृहाचे उद्‌घाटनही त्यांच्याच हस्ते झाले. परगावच्या मुलींना त्यामुळे राहण्याची जागा मिळाली. त्याच शाळेचे पुढे महिला महाविद्यालय झाले.

१९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिल्या कुलपती म्हणून बेगमसाहेबांची निवड झाली. १९२६ मध्ये त्यांनी राज्य धाकटे चिरंजीव हमीदुल्ला खान यांच्या हाती दिले. कुलपतिपद मात्र १२ मे १९३० रोजी निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

मराठी मुलखाशीही त्यांचा एक धागा जुळतो. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ मध्ये पुण्याला भरले, अध्यक्षा होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. पुढच्या वर्षी दिल्लीत ते स्थान बेगमसाहेबांनी भूषवले. आयुष्यभर पडद्याची बाजू घेणाऱ्या या बाईंनी उतारवयात स्वतःचा पडदा दूर केला.

कुलपतिपद मानाचे; विद्यापीठाचा रोजचा कारभार कुलगुरू पाहतात. त्या खुर्चीवर अलीगढमध्ये पहिली स्त्री, प्रा. नईमा खातून, आल्या त्या २०२४ साली. मधे शंभरहून अधिक वर्षे गेली. बेगमसाहेबांना मान मिळाला तो गादीमुळे, हे मान्य करायला हवे. पण नईमा खातून यांना कुलगुरुपद मिळाले ते शिक्षणाच्या जोरावर, आणि ती वाट शाळा-वसतिगृहांतूनच गेली. म्हणून आपल्याला बेगमसाहेबांच्या कुलपतिपदापेक्षा ते वसतिगृह मोठे वाटते.