नगरसेवक कशाला हवेत? फिरोजशहांना विचारा!

कट्ट्यावर हा डायलॉग तुम्ही ऐकला असेल, कदाचित मारलाही असेल : नगरसेवक हवेत कशाला? एक खमका आयुक्त आणून बसवा, शहर आपोआप सरळ होतं! आपण सोलापूरकरांनी तर तसा कारभार पाहिलाही आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि नंतर बराच काळ प्रशासकच शहर चालवत होते. त्या काळात अठरा पूर्ण केलेल्या कितीतरी जणांना आपल्या प्रभागासाठी मत द्यायला मिळालं नाही.

हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत पेटला होता. तेव्हा त्याचं उत्तर मांडणारा तरुण होता २६ वर्षांचा. त्याचं नाव फिरोजशहा मेहता. शाळेच्या पुस्तकात ते जहाल-मवाळ वादातले एक मवाळ नेते म्हणून एका ओळीत येऊन जातात. पण त्यांची खरी कर्मभूमी होती मुंबई महापालिका.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतल्या एका पारशी व्यापारी घरात त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात ते हुशार म्हणून गाजले. रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या मदतीवर ते कायदा शिकायला लंडनला गेले. तिकडे दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. इकडे मात्र मुंबईत कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला, देणगीदारच बुडाले आणि मदत आटली. तरीही १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊनच ते परतले.

तेव्हा मुंबईचे आयुक्त होते आर्थर क्रॉफर्ड. माणूस कामाचा. रस्ते, गटारं, बाजार, सगळीकडे त्यांनी धडाका लावला होता. आजची महात्मा फुले मंडई, म्हणजे जुनं क्रॉफर्ड मार्केट, त्यांच्याच काळातलं. पण पैसा पाण्यासारखा गेला, करांचा बोजा वाढला आणि १८७१ मध्ये करदाते भडकले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला 'जस्टिस ऑफ द पीस' ही मंडळी होती खरी, पण ती सरकारने नेमलेली. लोकांना उत्तर द्यायला ती बांधील नव्हतीच.

सगळं शहर क्रॉफर्डच्या नावाने खडे फोडत असताना फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहांनी एक निबंध वाचला. त्यात त्यांनी चक्क क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली. दोष माणसाचा कमी, रचनेचा जास्त, असं त्यांचं म्हणणं. काम करायला एकच जबाबदार अधिकारी असू द्या, पण त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडून दिलेली सभा हवी आणि हिशेबावर वेगळी नजर हवी. श्रोत्यांना हे मुळीच रुचलं नाही, सभेत गोंधळ झाला. आज सोशल मीडियावर ट्रोल होतात ना, त्यातलाच प्रकार.

पण पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, नवा कायदा आला तो बराचसा याच वाटेने जाणारा. ६४ सभासदांच्या महापालिकेत निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. १८८८ च्या कायद्याने सभासद ७२ झाले आणि महापालिकेच्या सभेचा अधिकार पक्का झाला. या कायद्याच्या घडणीत फिरोजशहा आणि त्यांचे मित्र काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता.

'महापौर' हे पद मुंबईत १९३१ मध्ये आलं. त्याआधी असायचे अध्यक्ष. फिरोजशहा १८८४ आणि १८८५ अशी सलग दोन वर्षं आणि पुन्हा १९०५ मध्ये अध्यक्ष झाले. पण खुर्ची असो-नसो, चार दशकं सभागृहावर त्यांचाच दबदबा होता. शहराच्या पोलिसांचा खर्च शहराच्या तिजोरीतून का, या प्रश्नावर महापालिकेने सरकारशी वर्षानुवर्षं वाद घातला. अखेर १९०७ मध्ये तो खर्च सरकारने उचलला आणि प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी महापालिकेकडे आली.

त्याच १९०७ मध्ये त्यांना पाडण्याचा डाव रचला गेला. काही इंग्रज अधिकाऱ्यांनी गट बांधला. जस्टिसांनी निवडायच्या जागा होत्या १६ आणि फिरोजशहा आले १७वे! पण निवडून आलेल्यांपैकी एकाचा महापालिकेच्या कंत्राटाशी संबंध निघाला, तो अपात्र ठरला आणि ती जागा फिरोजशहांना मिळाली. मजा म्हणजे कंत्राटात हितसंबंध असेल तर नगरसेवकपद जातं, हा नियम आजच्या कायद्यातही आहे.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. सभागृहात ते एकहाती सत्ता गाजवतात, अशी तक्रार तेव्हाही होत होती. आणि ज्या मतदानासाठी ते भांडले, ते फक्त ठरावीक कर भरणाऱ्यांचं. गिरणीतला कामगार, चाळीतला भाडेकरू त्यात कुठेच नव्हता. सगळ्या प्रौढांना मत मिळायला पुढच्या पिढ्यांना झगडावं लागलं.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी ते गेले. सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलात की समोर महापालिकेची इमारत दिसते ना, तिच्यापुढे उभा आहे तो पुतळा त्यांचाच.

आता याचा सोलापूरशी काय संबंध? थेट आहे. आपली महापालिका १ मे १९६४ ला झाली, १९४९ च्या कायद्याखाली. त्यातली रचना ओळखीची वाटेल : काम करणारा, सरकारने नेमलेला आयुक्त आणि पैशाला मंजुरी देणारी, लोकांनी निवडलेली सभा. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात, ते स्थायी समितीपुढे जातं आणि मग सर्वसाधारण सभेत. प्रशासकाच्या काळात हे दोन्ही टप्पे एकाच टेबलावर उरकतात. अधिकारी कितीही चांगला असला, तरी आपल्या गल्लीत पाणी किती दिवसांआड येतं याचा जाब त्याला मतपेटीतून विचारता येत नाही.

नगरसेवक कामचुकार असतील तर राग जरूर धरा. पण तो काढायची जागा प्रभागातलं मतदान केंद्र आहे. मतदार यादीत तुमचं नाव आहे का, तेवढं आज बघून घ्या. आणि पुढचं अंदाजपत्रक येईल तेव्हा तुमच्या प्रभागाच्या वाट्याला काय आलं, हे आपल्या नगरसेवकाला गाठून नक्की विचारा.