दादासाहेब फाळकेंनी विमा गहाण टाकून कॅमेरा आणला आणि त्यांचा पहिला हिरो ठरला वाटाणा

आज परभणीच्या बोरीसारख्या गावातलं पोरगंही खिशातला मोबाईल काढून व्हिडिओ शूट करतं. नाही आवडला तर डिलीट. पण ११४ वर्षांपूर्वी एक कॅमेरा घ्यायचा म्हणून एका माणसाने अख्खा संसार पणाला लावला होता. ते होते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके आधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. विद्यार्थी असतानाच, १८९० मध्ये, त्यांनी कॅमेरा घेतला. फोटो काढणं, धुणं, छापणं सगळं स्वतः करून बघितलं. प्राचार्य गज्जरांनी त्यांना कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायची परवानगी दिली.

पुढे गोध्र्यात त्यांनी फोटोग्राफीचा धंदा मांडला. पण प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेलं. बडोद्यात परत येऊन पुन्हा सुरुवात केली, तर फोटो काढला की आयुष्य घटतं या समजुतीमुळे गिऱ्हाईक फिरकेना. मग सरकारी नोकरी झाली, छापखाना झाला, भागीदारांशी बिनसलंही.

१९११ साली गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि आपल्याकडच्या देवादिकांना पडद्यावर आणायचं खूळ डोक्यात शिरलं. त्यानंतर सहा महिने रोज चार-पाच तास सिनेमे पाहण्यात गेले. डोळ्यांनी दगा दिला, उपचार घ्यावे लागले. पैसा नव्हताच. शेवटी १२ हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून १० हजारांचं कर्ज काढलं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले.

तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नका असंच सांगितलं. पण माणूस ऐकणारा नाही म्हटल्यावर निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. दोघांच्या सल्ल्याने फाळकेंनी ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा निवडला. सोबत कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्रही मागवलं.

हा कॅमेरा हाताने चालायचा. सेकंदाला साधारण दोन वेळा हँडल फिरवलं की सोळाएक चित्रं टिपली जायची. हात मंदावला की पडद्यावर माणसं पळायला लागायची. फिल्म धुईपर्यंत काय आलंय ते कळायचं नाही.

१ एप्रिल १९१२ ला ते परतले. पत्नी सरस्वतीबाई घरकाम सांभाळून फिल्मला भोकं पाडायला शिकल्या. पण सिनेमासाठी भांडवल कोण देणार? फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त काळ त्याची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल वर चढला. ते बघून सावकार तयार झाले, तरी तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने द्यावे लागले.

त्यातून उभा राहिला सुमारे ३,७०० फुटांचा 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला.

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये फाळके गेले. १९६९ पासून त्यांच्या नावाने सिनेमातला देशाचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. त्या पुरस्काराच्या मुळाशी एक गहाण पडलेला विमा, सरस्वतीबाईंचे दागिने आणि कुंडीतला एक वाटाणा आहे.