विंचवाचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण सगळेच वापरतो. होस्टेल बदललं, भाड्याची खोली सोडली की हमखास. पण ते बिऱ्हाड प्रत्यक्ष पाहिलेले आपल्यात किती जण असतील? दगड उचलल्यावर विंचू दिसला, की आपण आधी चप्पल शोधतो. चप्पल न शोधता कंदील आणणाऱ्या एका माणसाची ही गोष्ट आहे.

झाँ-आन्री फाब्र यांचा जन्म डिसेंबर 1823 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सँ-लेआँ या खेड्यात झाला. घरची गरिबी होती. वडिलांचा कुठलाच धंदा नीट चालला नाही, त्यामुळे लहानपणापासून गाव बदलणं नशिबी आलं. स्कॉलरशिप मिळवून ते शिक्षक झाले. पुढच्या पदव्याही बऱ्याचशा घरीच अभ्यास करून मिळवल्या. पगार तुटपुंजा आणि संसार मोठा. किडे बघायला वेळ मिळायचा तो सुट्टीच्या दिवशीच.

एकदा ते एका घळीत दगडावर बसून गांधीलमाशीची वाट बघत होते. द्राक्षं तोडायला निघालेल्या तीन बायकांनी त्यांना सकाळी तिथं पाहिलं. संध्याकाळी परत येताना बघतात तर हा माणूस त्याच जागी! बिचारा वेडा दिसतो, असं समजून त्यांनी क्रुसाची खूण केली. पण याच वेडातून 1855 मध्ये एक शोध जगापुढे आला. गांधीलमाशीनं बिळात साठवलेले किडे कुजत नाहीत, कारण ते मेलेलेच नसतात. तिचा डंख नेमका मज्जातंतूंवर बसतो आणि भक्ष्य जिवंत राहूनही लुळं पडतं.

आव्हिन्यों शहरात शिकवत असताना त्यांनी संध्याकाळची मोफत विज्ञानव्याख्यानं सुरू केली. तिथं मुलीही यायच्या. फुलांमध्ये बीज कसं धरतं, हे त्यांनी मुलींसमोर सांगितलं, म्हणून धार्मिक मंडळी भडकली. मी स्वतः कॅथलिक आहे, म्हणून हा भाग वाचताना मला जास्त लागलं. कारण फाब्र काही देव न मानणारे नव्हते. किड्याच्या प्रत्येक हालचालीत त्यांना निर्मात्याचा हात दिसायचा. तरी 1870 मध्ये नोकरी गेली आणि घरमालकिणींनी घरही सोडायला लावलं. हातात पैसे नव्हते. तेव्हा जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतानं, त्यांच्या मित्रानं, 3,000 फ्रँक उसने दिले. बायकोमुलांना घेऊन ते ओरांज गावी गेले. तिथं मुलांसाठी विज्ञानाची सोपी पुस्तकं लिहून घर चालवलं आणि मिल यांचं कर्जही फेडलं.

1877 मध्ये त्यांचा ज्युल हा मुलगा सोळाव्या वर्षी वारला. बापाबरोबर किडे शोधत फिरणारा, त्याच्यासारखीच तीक्ष्ण नजर असलेला पोरगा. फाब्रनी काही गांधीलमाश्यांच्या जातींना त्याचं नाव दिलं.

शेवटी 1879 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, सेरीनियां गावाजवळ त्यांना स्वतःची जमीन मिळाली. दगडगोटे आणि काटेरी झुडपं, शेतीला निरुपयोगी असा माळ. त्यांना तेच हवं होतं. तिथं विंचवांसाठी त्यांनी चपट्या दगडांची वस्तीच वसवली. तरुणपणी गोमी शोधताना व्हीलनव्हच्या टेकडीवर दगडांखाली हे पिवळसर विंचू त्यांना भेटले होते. आता 1904 मध्ये, ऐंशीव्या वर्षी, ते रात्री कंदील घेऊन त्यांच्यासमोर बसू लागले. नर-मादी नांगीत नांगी अडकवून हळूहळू चालताना त्यांनी पाहिले. कधीकधी सकाळी दगडाखाली मादी त्याच नराला खाताना दिसायची.

निखाऱ्यांच्या रिंगणात सापडलेला विंचू स्वतःलाच डंख मारून मरतो, असं लोक सांगायचे. फाब्रनी रिंगण करून बघितलं. विंचू तडफडला आणि ताठ पडला. बघणारे इथंच उठून जात असावेत. फाब्रनी त्याला गार वाळूवर ठेवलं आणि थांबले. थोड्या वेळानं तो चालू लागला!

आणि ते बिऱ्हाड? पिल्लं आईलाच खातात, असं मी आजीकडून ऐकलं होतं. फाब्रनी पाहिलं ते वेगळंच. पांढरी पिल्लं आईच्या पाठीवर चढतात, तिथंच कात टाकतात आणि साधारण दोन आठवड्यांनी उतरून आपापल्या वाटेनं जातात. आईला काही होत नाही.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. डार्विननी त्यांच्या निरीक्षणाचं कौतुक केलं, पण फाब्रना उत्क्रांती कधी पटली नाही. तिथं ते चुकले. तरी त्यांनी कीटकांवर लिहिलेले दहा खंड आजही वाचले जातात. 11 ऑक्टोबर 1915 रोजी त्याच माळावरच्या घरात त्यांचं निधन झालं. आज तिथं संग्रहालय आहे.

आपण ट्रेकला गेलो की वेगळा किडा दिसल्यावर फोटो काढतो आणि पुढे निघतो. पुढच्या वेळी दहा मिनिटं थांबून बघूया. हात मात्र लांबच ठेवा. आणि दगड उचललाच, तर होता तसा हळूच परत ठेवा. खाली कुणाचं तरी बिऱ्हाड असतं.